नित्य जीवनातील सवयी आणि खाडीकाठचे गाव

(भिवंडी तालुक्यातील कोन येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



नित्य जीवनात पर्यावरणास पूरक अशा सवयी कशा लावून घ्याव्यात, या विषयावर मी बोलावे असे मला सांगण्यात आले, तेव्हा मनात थोडा संकोच निर्माण झाला. मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळेबरोबरच संपला. शासनाच्या माहिती खात्यात राहून या विषयावरील घोषवाक्ये लिहिण्याचे काम मात्र मी अनेक वर्षे केले आहे, आणि घोषवाक्यांची पोहोच किती असते हे मला इतरांपेक्षा थोडे अधिक ठाऊक झाले आहे. म्हणून आज ती बाजूला ठेवून, आपण जेथे जमलो आहोत त्या जागेपासूनच सुरुवात करतो.

कोन हे गाव उल्हासच्या काठी आहे. समोर पलीकडच्या तीरावर दुर्गाडीचा किल्ला, मध्ये पूल, आणि पुलापलीकडे कल्याण शहर. राजमाचीच्या डोंगरात उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर अशी गावे मागे टाकीत येथे येते, तेव्हा ती नुसती नदी राहिलेली नसते. खाडी झालेली असते. तिच्यात दिवसातून दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी लागते. ही गोष्ट आपणांस मी सांगावयाची नाही. तथापि आजच्या विषयाच्या दृष्टीने तिला फार महत्त्व आहे. नदीकाठच्या गावाने पाण्यात टाकलेली वस्तू खालच्या गावाला जाते. टाकणाऱ्याला ती पुन्हा दिसत नाही. खाडीकाठच्या गावाला ही सोय नाही. ओहोटीबरोबर गेलेली पिशवी भरतीबरोबर परत फिरते, तिवरांच्या मुळ्यांत अडकते आणि चिखलात रुतून बसते. आपण एखादी वस्तू "टाकली" असे म्हणतो, तेव्हा ती डोळ्यांआड झाली एवढाच त्याचा अर्थ असतो. खाडी तेवढीही सवलत देत नाही.

हे पाणी काही सामान्य नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांच्या आरमाराची उभारणी सुरू झाली ती याच खाडीवर, दुर्गाडीच्या आश्रयाने. इतिहासाचा अभिमान आपण सभांतून पुष्कळ बाळगतो. खाडीच्या वाट्याला त्यातील किती येतो, हे पुलावरून जाता-येता पाहावयास मिळते.

आता सवयींकडे वळू. आपल्या आजीच्या घरात "कचरा" नावाची वस्तू जवळजवळ नव्हती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. भाजीचे देठ व उरलेली पेज गुरांच्या पुढ्यात जाई. चुलीच्या राखेने भांडी घासली जात. जुन्या लुगड्यांची गोधडी होई. मोरीचे पाणी परसातल्या अळूला आणि केळीला मिळे. बाजाराला निघताना हातात पिशवी आणि तेलाची बाटली असे. राहिलेले सर्व शेणाबरोबर उकिरड्यात पडे आणि पावसाळ्यापूर्वी भाताच्या खाचरात जाऊन मिसळे. जुने ते सर्व सोने होते असा मात्र माझा दावा नाही. चुलीच्या धुराने आपल्या आया-बहिणींचे डोळे आणि छाती गेली. राब भाजण्यासाठी दरवर्षी झाडे ओरबाडली गेली. उघड्यावर शौचास बसण्याची पद्धत काही अभिमानाने सांगण्यासारखी नव्हती. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या घरातील माणसे आपल्यापेक्षा अधिक सद्‌गुणी होती म्हणून कचरा होत नव्हता असे नाही. घरामागे उकिरडा होता, गोठ्यात गुरे होती आणि पलीकडे शेत होते. टाकलेल्या प्रत्येक वस्तूची पुढची वाट ठरलेली होती.

पुढे काय झाले? गोठे गेले. खाचरांच्या जागी चाळी, यंत्रमागाचे कारखाने आणि गोदामे उभी राहिली. घरात येणारी वस्तू प्लास्टिकच्या वेष्टनातून येऊ लागली. "घरामागे टाकून द्यावे" ही सवय मात्र जशीच्या तशी राहिली. वस्तू बदलली, जागा नाहीशी झाली, पण हात जुन्याच दिशेने जात राहिला. आज ज्याला आपण लोकांची बेशिस्त म्हणतो, तिच्यातील बराच भाग म्हणजे व्यवस्था निघून गेल्यावर मागे उरलेली सवय होय. हे एकदा मान्य केले, की केवळ उपदेशाने काम का होत नाही याचाही उलगडा होतो.

यासंबंधीचा एक अनुभव सांगतो. जिल्ह्यातील एका गावी (नाव घेत नाही) स्वच्छतेवरील माझे भाषण संपल्यावर एक गृहिणी उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही सांगता तसा ओला कचरा वेगळा, सुका वेगळा आम्ही तीन महिने ठेवला. गाडीवाला आला की दोन्ही बादल्या एकाच खणात ओततो. मग आम्ही कोणासाठी वेगळा करावयाचा?" मजजवळ उत्तर नव्हते. त्याच सुमारास, मी ज्या कार्यालयात काम करीत होतो तेथेही हिरवी व निळी अशा दोन टोपल्या ठेवण्यात आल्या होत्या, आणि संध्याकाळी दोन्ही टोपल्या एकाच पोत्यात रिकाम्या होत असत. तीन महिने टिकलेली त्या भगिनीची सवय आळसाने मोडली नाही. ती आपण मोडली. मोडलेली सवय पुन्हा लावणे हे नवी सवय लावण्यापेक्षा किती तरी कठीण असते, कारण आता माणसाच्या मनात अविश्वास बसलेला असतो.

येथील पंचायत सदस्यांसाठी एक कायदेशीर बाब मुद्दाम नमूद करतो. जनगणनेने कोनची नोंद "जनगणना-नगर" अशी केली आहे. म्हणजे कारभाराने गाव, पण वस्तीच्या स्वरूपाने शहर. एप्रिल २०१६ मध्ये केंद्र शासनाने प्रसिद्ध केलेले घनकचरा व्यवस्थापन नियम केवळ महापालिका व नगरपालिकांपुरते नव्हते. ते जनगणना-नगरांनाही लागू करण्यात आले आणि अशा ठिकाणच्या ग्रामपंचायतींची कर्तव्ये त्यांत स्पष्ट नमूद करण्यात आली. घराघरातून ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलावयाचा, हा त्यांचा गाभा. पैशांबाबतही, पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता या दोन कामांसाठीच बांधून दिली होती. तेव्हा "आम्ही गाव आहोत, हे शहराचे काम" असे म्हणण्यास फारशी जागा राहिलेली नाही.

व्यवस्था आधी उभी केली म्हणजे सवय कशी मागून येते, याचे उदाहरण आपल्याच कोकणात आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने, श्री. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, कचरा उगमापाशीच वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. वेगळा न केलेला कचरा उचलावयाचा नाही आणि वेगळा केलेला पुन्हा एकत्र करावयाचा नाही, अशी ही दुहेरी शिस्त. ओल्या कचऱ्यापासून जैववायू व खत, आणि प्लास्टिकचा भुगा करून तो रस्त्याच्या डांबरात, असे प्रत्येक वस्तूचे पुढचे ठिकाण निश्चित झाले. पूर्वी जेथे कचऱ्याचा ढीग होता ती जागा पाहावयास बाहेरगावचे लोक येऊ लागले. पुढे कर्जत येथे आणि २०२० मध्ये आपल्या पलीकडच्या कल्याण-डोंबिवलीतही त्यांनी ही मोहीम चालविली. वेंगुर्ल्याचे नागरिक जन्मतःच शिस्तीचे होते असे कोणी म्हणणार नाही. आपण वेगळा केलेला कचरा वेगळाच राहतो, एवढे त्यांना दिसले.

कचऱ्याच्या या साखळीत एक दुवा आपण नेहमी विसरतो, तो भंगारवाल्याचा. कागद, पुठ्ठा, पत्रा, काच आणि जाड प्लास्टिक यांना आजही भाव आहे, आणि गोदामांच्या या तालुक्यात पुठ्ठ्याला तोटा नाही. पुण्यात १९९३ साली कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत स्थापन झाली आणि पुढे त्यांच्याच सहकारी संस्थेकडे दारोदारचा कचरा गोळा करण्याचे काम आले. आपल्या गावात फिरणाऱ्या भंगारवाल्यास आणि कचरा वेचणाऱ्या भगिनीस पंचायतीने एक शेड आणि एक ओळखपत्र दिले, तर सुक्या कचऱ्याचा मोठा प्रश्न फारसा खर्च न करता हलका होईल. घरी एवढेच करावयाचे की, दुधाची पिशवी धुऊन वाळवावयाची. खरकटे लागलेले प्लास्टिक कोणीही विकत घेत नाही.

ओल्या कचऱ्याबाबत थोडे सविस्तर बोलतो, कारण घराघरातील कचऱ्यात वजनाने तोच जास्त असतो आणि तो गावाबाहेर नेण्याचे काहीच कारण नाही. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विकसित केलेली खताची पद्धत त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून "नाडेप" म्हणून देशभर ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असे विटांचे टाके. भिंतींत हवेसाठी भोके. आत काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणाचा सडा, त्यावर मातीचा पातळ थर, असे थर रचीत टाके भरावयाचे आणि वरून लिंपावयाचे. सुमारे १,४०० ते १,५०० किलो काडीकचऱ्यास जेमतेम १०० किलो शेण पुरते. म्हणजे ज्या गावात गुरे उरलेली नाहीत, तेथेही हे जमते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. कोकणात मात्र एक काळजी घ्यावयास हवी. टाक्यावर छप्पर नसेल तर आपला पाऊस सारे सत्त्व धुऊन नेतो आणि दुर्गंधी सुटते. मग लोक तक्रार करतात आणि टाके बंद पडते. असे बंद पडलेले टाके मी पाहिले आहे. आत झुडपे वाढली होती आणि बाहेर योजनेची पाटी शाबूत होती.

चाळीतल्या घरासाठी टाक्याची आवश्यकता नाही. तळाशी आणि बाजूंना भोके पाडलेली एक जुनी बादली किंवा माठ पुरतो. रोजच्या भाजीच्या देठांवर मूठभर सुका पाला, किंवा सुतारवाड्यातील लाकडाचा भुसा टाकावयाचा आणि दोन-चार दिवसांनी ढवळावयाचे. वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले असे समजून भुसा वाढवावा. मुंग्या लागल्या तर फार कोरडे झाले असे समजून पाणी शिंपडावे. उरलेले रस्से आणि मासळीचे तुकडे त्यात टाकू नयेत. एवढे ज्ञान पुरेसे आहे. कचरा संध्याकाळी पेटवून देण्याची प्रथा मात्र सर्वथा बंद व्हावयास पाहिजे. पाल्याबरोबर जळणाऱ्या प्लास्टिकचा धूर प्रथम ज्याने काडी लावली त्याच्याच घरात शिरतो. उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये भरपाईचा दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये दिलेला आहे.

आता पिशवीविषयी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईबरोबर उल्हासच्या काठानेही त्या दिवशी मोठा फटका सोसला. तुंबलेल्या गटारांतून पिशव्यांचे ढीग निघाले, तेव्हा पातळ पिशव्यांचा प्रश्न प्रथमच सर्वांना पटला. त्यानंतर २००६ चा अविघटनशील कचऱ्यासंबंधीचा राज्याचा कायदा आला, मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर राज्याने बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. कायद्यांची उणीव नाही. परंतु ग्राहक मोकळ्या हातांनी दुकानात येतो तोवर दुकानदार पिशवी कोठून तरी पैदा करणारच.

कापडी पिशवी हा त्यावर उपाय आहे, पण त्यातही एक हिशेब आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीच्या दृष्टीने सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तेव्हा कोठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीस येते. आठवड्यातून एकदा बाजार केला तर अडीच वर्षे झाली. कापसाला पाणी लागते, मागाला वीज लागते. भिवंडीकरांना हे मी सांगावयास नको. तेव्हा प्रत्येक समारंभात नवी छापील कापडी पिशवी वाटणे, ही आम्हा सरकारी मंडळींना जडलेली हौस फारशी उपकारक नाही. घरोघरी अशा वीस-वीस पिशव्या कपाटात पडून आहेत आणि बाजारात हात रिकामाच. जुन्या कपड्याची किंवा कारखान्यातील उरलेल्या तुकड्यांची शिवलेली एक पिशवी दाराच्या खुंटीला, चपलांच्या वर टांगून ठेवावी. पिशवी विसरण्याचे कारण बहुधा ती कपाटात असते, हे असते. सत्कारात रोप देण्याविषयीही असेच म्हणता येईल. माझ्या टेबलावर मिळालेली किती रोपे पाण्यावाचून गेली हे मी सांगत नाही.

आणि कबुलीच द्यावयाची तर एक मोठी द्यावयास हवी. प्लास्टिकबंदीचा प्रचार करणारे फलक आम्ही वर्षानुवर्षे फ्लेक्सवर छापले, आणि फ्लेक्स हे प्लास्टिकच होय. भिंतीवर रंगाने अक्षरे काढणारा पेंटर अजून गावोगाव आहे. आपल्या पंचायतीने त्यास काम दिले तर आम्हांलाही वळण लागेल.

पाण्याविषयी एकच गोष्ट सांगतो. वर शहाडपाशी उल्हासचे पाणी उचलले जाते आणि शहाड-टेमघर योजनेतून ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदर ही शहरे व जिल्हा परिषदेची गावे ते पितात. खाली आल्यावर आपण त्याच नदीला सांडपाणी देतो. नदीचे प्रदूषण घरगुती सवयींनीच होते असे मी म्हणणार नाही. कारखान्यांच्या सांडपाण्याचा भाग मोठा आहे आणि तो थांबविणे हे शासनाचे व प्रदूषण नियंत्रण मंडळाचे काम आहे. महाराष्ट्राने यासाठी केंद्राच्याही आधी, १९६९ साली कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापन केले. या तारखा आमच्यावरील जबाबदारीच वाढवितात. नागरिकाने साबणाचा चुरा कमी वापरावा आणि कारखान्याने मात्र रात्री झडप उघडावी, असा न्याय कोणी मान्य करू नये. पंचायतीने अशा प्रकारांची लेखी तक्रार करणे, हीसुद्धा एक पर्यावरणपूरक सवयच आहे. गणेशोत्सवातही हेच. निर्माल्य वेगळे घेण्यासाठी धक्क्यावर कलश आणि विसर्जनासाठी जवळ हौद असला, तर भाविक त्याचा उपयोग करतात. नसला तर खाडी आहेच.

विजेसंबंधी फारसे बोलत नाही, कारण तेथे बिलच बोलते. ६० वॅटचा जुना दिवा रोज पाच तास जळाला तर वर्षाला सुमारे ११० युनिटे जातात, ९ वॅटच्या एलईडीला १६.

शिक्षकांना मात्र एक विनंती आहे. मुलांकडून भित्तिपत्रके पुष्कळ काढून झाली. आता मोजमाप करून घ्यावे. गळणाऱ्या नळाखाली लोटा ठेवून किती वेळात भरतो ते पाहावे. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला चार लिटरांहून अधिक पाणी जाते, हे गणित पाचवीचा मुलगा करील आणि घरी जाऊन वडिलांना सांगेल. तसेच सात दिवस घरातील ओला व सुका कचरा तराजूवर तोलून वहीत लिहावा. गाडीत किती मोठे खण हवेत, खताची किती टाकी हवीत, हे ठरविण्यास पंचायतीला तो आकडा उपयोगी पडेल. मुलांनी काढलेल्या आकड्यांवर ग्रामसभेत चर्चा झाली, तर नागरिकशास्त्राचा दुसरा धडा शिकवावयास नको.

पंचायतीकडे माझे मागणे थोडे आहे आणि त्याचा क्रमही मी मुद्दाम लावला आहे. आधी गाडीत दोन खण. मग सुक्या कचऱ्यासाठी शेड आणि छपराखाली खताचे एक टाके. ते चालू झाल्यावर एका आळीतील घरांना बोलावून ते दाखवावे, आणि त्यानंतरच घरोघरी दोन बादल्यांविषयी सांगावे. आम्ही आजवर हा क्रम उलटा लावीत आलो. प्रचाराच्या कामी माझे कार्यालय आपल्यासोबत राहील, पण पहिला खण बसल्याचे मला कळवावे. मी तो पाहावयास येईन आणि ज्या भगिनीने मला प्रश्न विचारला होता, तिच्या गावी जाऊन ते सांगेन.

आता सभा संपल्यावर सरपंच आपणां सर्वांना खाडीच्या काठावर नेणार आहेत. ओहोटी आहे, त्यामुळे चिखलात काय काय आहे ते स्वच्छ दिसेल. ज्यांना सोबत यावयाचे असेल त्यांनी जुन्या चपला घालाव्यात.